दगाबाजाला इंग्रजीत काय म्हणावं? डिचोलीच्या टायपिंगवालीला विचारा

पावसाळा लागला की माझ्या दुकानात भांडणं येतात. काजूचा हंगाम मे महिन्यात आटोपतो, हिशेब होतात, आणि जूनमध्ये माणसं छत्री झटकत दारात उभी राहतात. "बाई, एक इंग्रजी पत्र करायचंय. जरा कडक." गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारापासून दोन मिनिटांवर माझं टायपिंगचं दुकान आहे. बाबांच्या वेळी रेमिंग्टन होतं, आता संगणक आणि झेरॉक्स. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, नोटिशींची उत्तरं ही रोजची कामं. शिवाय वर्षाला पंधरा-वीस पत्रं अशी असतात, की कुणीतरी कुणालातरी फसवलेलं असतं आणि त्याला ते इंग्रजीतच सुनवायचं असतं. मराठीत सुनावलं तर भांडण, इंग्रजीत सुनावलं तर नोटीस, असा आपल्याकडे समज आहे.

गेल्या वर्षी सत्तरी तालुक्यातले एक काजूवाले आले. चौदा वर्षांचा भागीदार वेगळा झाला होता. जाताना गिऱ्हाइकांची यादी घेऊन गेला आणि किलोमागे दहा रुपये कमी लावून तीच गिऱ्हाइकं ओढू लागला. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "लिहा, यू आर अ ट्रेटर."

"त्यानं देश विकला काय?"

"माझा धंदा विकला."

"मग ट्रेटर नाही."

ते चिडले. शब्द माझा, पैसे माझे, तुम्ही फक्त टाइप करा, असं त्यांचं म्हणणं. चहा मागवला आणि पाऊण तास त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे.

आधी विचारा, दगा कुणाशी?

मराठीत "गद्दार" आपण गडाचा दरवाजा उघडणाऱ्यालाही म्हणतो, पक्ष सोडणाऱ्यालाही, आणि ऐन मॅचच्या दिवशी दांडी मारणाऱ्या विकेटकीपरलाही. आपल्याकडे बारकावे नाहीत असं नाही. फितूर शत्रूला मिळतो, घरभेदी घरातलं बाहेर सांगतो, नमकहराम खाल्ल्या मिठाला जागत नाही. पण राग आला की हे सगळे एकाच पिशवीत जातात.

इंग्रजीला ही पिशवी चालत नाही. तिथे दगा किती मोठा हे नंतर बघायचं. निष्ठा कुणाशी होती, देशाशी, धर्माशी, पक्षाशी, मालकाशी, जोडीदाराशी की मित्राशी, हे आधी. प्रत्येकाचा खण वेगळा. एका खणातला शब्द दुसऱ्यात टाकलात तर वाचणारा हसतो, किंवा माझ्या दुकानात येऊन आरडाओरडा करतो. तो किस्सा पुढे येतोच आहे.

ट्रेटर हा देशाचा खण. ट्रेझन, म्हणजे देशाशी किंवा राजाशी केलेला द्रोह, हा त्याचा सख्खा भाऊ. दोघं आले लॅटिनच्या "त्रादेरे" या क्रियापदातून. अर्थ साधा आहे: हाती देणं, स्वाधीन करणं. ज्यांच्या घरी जुनी माणसं पोर्तुगीज बोलत त्यांनी "त्राइदोर" ऐकला असेल, तोही तिथलाच. गंमत म्हणजे ट्रॅडिशनही त्याच मुळाचं, एका पिढीनं दुसऱ्या पिढीच्या हाती दिलेलं. चावी हाती दिली की परंपरा आणि गडाची चावी शत्रूच्या हाती दिली की ट्रेझन.

मित्रामित्रांत थट्टेनं ट्रेटर चालतो. "मला टाकून भाजीपाव खाऊन आलास? ट्रेटर!" यात काही बिघडत नाही. सही आणि तारखेच्या कागदावर मात्र नको. आणि जपून टाइप करा. घाईत स्पेलिंग चुकलं की ट्रेटरचा ट्रेडर होतो, आणि तुम्ही एका व्यापाऱ्याला व्यापारी म्हणून शिवी दिलेली असते.

बाणस्तारीचा रेनिगेड

रेनिगेड या शब्दाला मी जास्त वेळ देते, कारण त्याची गोष्ट आपल्या अंगणातली आहे. हा स्पॅनिशमधून इंग्रजीत आलेला शब्द. मूळ अर्थ धर्म नाकारून दुसऱ्या बाजूला गेलेला. पोर्तुगीजांच्या कागदांतही "रेनेगादो" येतो, आणि असा सर्वांत प्रसिद्ध रेनेगादो आपल्या बाणस्तारीत सापडला.

पणजीहून फोंड्याला जाताना बाणस्तारीचा पूल लागतो. त्या खाडीकाठी आदिलशहाचा किल्ला होता. १५१२ साली पोर्तुगीज गव्हर्नर आफोंस द आल्बुकेर्कनं त्याला वेढा घातला. आत आदिलशहाचा सरदार रसूलखान होता, आणि त्याच्याबरोबर पोर्तुगीज सोडून त्याला मिळालेली, मुसलमान झालेली काही माणसं होती. फेर्नांव लोपिश त्यांतला एक. रसूलखानानं किल्ला सोडायचं कबूल केलं, या लोकांना स्वाधीन करायचंही कबूल केलं, पण त्यांना जिवे मारायचं नाही या अटीवर. आल्बुकेर्कनं अट अक्षरशः पाळली. कुणाला मारलं नाही. नाकं, कान, उजवे हात आणि डाव्या हातांचे अंगठे कापले. लोपिश पुढे पोर्तुगालला परतत असताना वाटेत सेंट हेलेना बेटावर उतरून राहिला. नेपोलियनला कैदेत ठेवलं ते हेच बेट, पण तीनशे वर्षांनंतर. लोपिशच्या वेळी तिथे माणूस नव्हता. त्या बेटाचा पहिला ज्ञात रहिवासी तोच.

आता शब्द लावून बघा. लोपिश रेनिगेड, यात वाद नाही. पण त्याला "हाती दिला" कुणी? रसूलखानानं. म्हणजे त्रादेरे त्यानं केलं. आणि अटीचे शब्द पाळून अर्थ मोडणारा आल्बुकेर्क? त्याच्यासाठी इंग्रजीत परफिडियस हा विशेषण म्हणून ठेवणीतला शब्द आहे, दिलेल्या वचनाला आतून पोखरणारा. एका वेढ्यात तीन माणसं, तीन शब्द. शिकवणीला येणाऱ्या मुलांना मी हीच गोष्ट सांगते. व्याकरणाच्या पुस्तकातला तक्ता विसरतात, नाक कापलेलं विसरत नाहीत.

आज रेनिगेडची धार बोथट झाली आहे. जाहिरातवाले तो बंडखोर, बिनधास्त अशा अर्थानं मोटारींना आणि बुटांना लावतात. म्हणून तक्रारीच्या पत्रात तो वापरलात तर समोरच्याला कदाचित बरंच वाटेल.

माणसांची नावं झालेले शब्द

आपण सूर्याजी पिसाळ म्हणतो. रायगड १६८९ मध्ये पडला त्यात त्याचा हात किती, यावर इतिहासकार भांडतात, पण म्हण त्यांची वाट बघत थांबली नाही. इंग्रजीतला सूर्याजी पिसाळ म्हणजे क्विसलिंग. विडकुन क्विसलिंग हा नॉर्वेचा. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजा उतरल्या त्याच दिवशी यानं रेडिओवरून स्वतःला सरकारप्रमुख जाहीर केलं. महिनाभराच्या आत इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याच्या नावाचं सामान्यनाम केलं. १९४५ च्या ऑक्टोबरात त्याला गोळ्या घातल्या, शब्द मात्र जिवंत राहिला. परक्या सत्तेनं देश घेतल्यावर तिच्या वतीनं कारभार करणारा, एवढाच त्याचा अर्थ. शेजारच्या पंचाला क्विसलिंग म्हणू नका.

अमेरिकन लोक त्याच जागी बेनेडिक्ट आर्नल्ड म्हणतात. स्वातंत्र्ययुद्धातला शूर सेनापती, १७८० मध्ये वेस्ट पॉइंटचा किल्ला इंग्रजांना द्यायचा बेत फुटला आणि पळाला. इंग्रज माणसाशी बोलताना हे नाव काढून उपयोग नाही, तो तर त्यांच्याच बाजूला आला होता.

जुडास सगळ्यांना माहीत आहे, तीस चांदीची नाणी आणि ओळख पटवायला घेतलेलं चुंबन. आपण ज्याला "केसानं गळा कापला" म्हणतो तोच भाव. पण गोव्यात हा शब्द कागदावर घालताना मी हात आखडते. ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरी गुड फ्रायडेला ज्याचं नाव येतं, ते तुमच्या चिऱ्यांच्या थकलेल्या बिलासाठी वापरायचं नसतं.

फिफ्थ कॉलमबद्दल एकच सांगते, कारण माझ्याकडच्या मुलीनं यात हमखास होणारी चूक केली होती. १९३६ साली स्पेनच्या यादवीत माद्रिदवर चार तुकड्या चालून येत होत्या, आणि पाचवी, म्हणजे छुप्या साथीदारांची, शहराच्या आतच आहे, अशी वल्गना झाली. ती जनरल मोला याच्या नावावर आहे. इथे कॉलम म्हणजे सैन्याची तुकडी. आपल्या वर्तमानपत्रांनी त्याचं पंचमस्तंभी केलं, आणि पत्रकारिता हा लोकशाहीचा चौथा स्तंभ असल्यानं त्या मुलीला वाटलं, पाचवाही काहीतरी मानाचा असणार. तिनं एका सत्कारपत्रात तो घातला. छापायच्या आधी माझ्या नजरेस पडला हे सत्कारमूर्तीचं नशीब.

पक्ष सोडणारे

गोव्याच्या माणसाला हा खण समजवावा लागत नाही. डिफेक्टर आणि टर्नकोट, दोन्ही पक्ष बदलणाराच. फरक सुराचा. डिफेक्टर कोरडा, कायद्याला जवळचा. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनं दहावी अनुसूची आली, तिला आपण पक्षांतरबंदी म्हणतो आणि इंग्रजीत अँटी-डिफेक्शन. टर्नकोटमध्ये मात्र टोमणा आहे. अंगरखा उलटा करून अस्तर बाहेर काढलं की रंग बदलतो, असं ते चित्र. आपण टोपी फिरवली म्हणतो, ते अंगरखा फिरवतात.

२०१९ च्या जुलैत काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले, २०२२ च्या सप्टेंबरात ११ पैकी ८. दोन्ही वेळा दोन तृतीयांशाचा आकडा भरत होता, कारण तेवढे एकत्र गेले तर कायद्याच्या भाषेत त्याला मर्जर, म्हणजे विलीनीकरण, म्हणता येतं. म्हणजे एकाच घटनेला जाणारा मर्जर म्हणतो, वार्ताहर डिफेक्शन म्हणतो आणि ज्याचं मत वाया गेलं तो टर्नकोट म्हणतो. बातमी लिहीत असाल तर डिफेक्टर, अग्रलेख लिहीत असाल तर टर्नकोट. पक्ष कुठलाही असो, शब्द तोच ठेवा. आपल्याकडे आला तर "घरवापसी" आणि गेला तर टर्नकोट, हे वाचणाऱ्याला कळतं.

सैन्य सोडून पळालेला डेझर्टर. तो शत्रूला मिळालाच असेल असं नाही, नुसता पळाला तरी डेझर्टर.

माझी चूक

आता तो किस्सा. मी नवी होते. बाबा आजारी, दुकान एकटीच्या गळ्यात. एक पुरवठादार आले, हॉटेलांना मसाले पोचवणारे. त्यांचा माल एक बाई घरी करून देत. बाईंनी दोन वर्षं तोच मसाला गुपचूप दुसऱ्यालाही दिला होता. ते म्हणाले, लिहा, तुम्ही माझ्याशी बेइमानी केली. मी शब्दकोश उघडला. फेथ म्हणजे इमान, अनफेथफुल म्हणजे बेइमान. छान बसलं. पत्रात लिहिलं: यू हॅव बीन अनफेथफुल टू मी फॉर टू इयर्स.

पत्र बाईंच्या नवऱ्यानं उघडलं.

पुढचं मी सगळं सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात तिघं होती आणि मी. नवऱ्याच्या हातात ते पत्र, पुरवठादाराला आपण काय पाठवलं याचा पत्ता नाही, आणि बाई मसाल्याच्या हातानं पदर डोळ्यांना लावून रडत होत्या, त्यामुळे आणखीच रडत होत्या.

तर लक्षात ठेवा, अनफेथफुल आणि इन्फिडेलिटी हे शब्द माणसाविषयी वापरले की आधी संसाराचा खण उघडतो. तसंच चीट. "ही चीटेड मी" म्हणजे त्यानं मला फसवलं, पैशात, मालात, कशातही. त्यातच एक बारीक "ऑन" घातलंत, "ही चीटेड ऑन मी", तर त्यानं बाहेर प्रेमप्रकरण केलं. त्या दोन अक्षरी शब्दानं घरं मोडू शकतात. धंद्यात बेइमानी म्हणायची असेल तर डिसऑनेस्ट म्हणा. नोकरानं मालकाशी किंवा भागीदारानं भागीदाराशी केली असेल तर डिसलॉयल. लॉयल आणि लीगल एकाच लॅटिन शब्दाची लेकरं, त्यामुळे डिसलॉयल ऐकायला सौम्य असला तरी हिशेबी माणसाला बरोबर लागतो.

मित्र, शेजारी, खबरे

इथे इंग्रजीची चित्रं आपल्याला जवळची आहेत, त्यामुळे झटपट. बॅकस्टॅबर तुमच्या पाठीमागे तुमची वाट लावतो. टू-फेस्ड म्हणजे दुतोंडी, ओठात एक पोटात एक. डबल क्रॉस करणारा तुमच्याशी मिळून तिसऱ्याला फसवायला निघतो आणि शेवटी तुम्हालाच फसवतो, म्हणजे मुळात तुम्हीही धुतल्या तांदळाचे नव्हता. हे ध्यानात ठेवून तो शब्द वापरा! स्नेक इन द ग्रास व्हर्जिलच्या कवितेतून आलेला, आपल्या अस्तनीतल्या निखाऱ्याचा भाऊ. फेअर-वेदर फ्रेंड म्हणजे हवा चांगली असेपर्यंतचा मित्र. किनाऱ्यावर शॅक चालवणाऱ्यांना हा शब्द समजवायला लागत नाही, मे संपला की कोण फोन उचलतं ते त्यांना ठाऊक असतं.

खबऱ्यांकडे जरा थांबू. इन्फॉर्मर आणि इन्फॉर्मंट यांत लोक घोळ करतात. इन्फॉर्मंट म्हणजे माहिती देणारा, भाषेचा अभ्यास करणाऱ्याला शब्द सांगणारी आजीही इन्फॉर्मंट. इन्फॉर्मर म्हणजे पोलिसांना आपल्या लोकांची खबर देणारा. हुकूमशहा सालाझारच्या पोर्तुगालमध्ये पिडे या गुप्त पोलिसांचे असे खबरे होते, त्यांना तिथे "बुफु" म्हणत. आमचे आजोबा १९६१ पूर्वीच्या, पोर्तुगीज अमदानीतल्या गोष्टी सांगत तेव्हा गावातल्या अशा एका माणसाचं नाव घेत नसत. "तो, वाड्याच्या टोकाचा" एवढंच. त्याची नातवंडं माझ्याबरोबर शाळेत होती.

स्निच आणि रॅट हे गल्लीतले शब्द. ते वापरणारा बहुधा स्वतः काहीतरी लपवत असतो. आणि व्हिसलब्लोअरला यांच्या पंक्तीला बसवू नका. खाण असो की कचेरी, आतला गैरव्यवहार बाहेर काढणारा माणूस मालकाच्या नजरेत डिसलॉयल असेल, पण शब्द निवडताना तुम्ही कुणाच्या खुर्चीत बसलात ते त्यातून दिसतं. कोलॅबोरेटरचंही तसंच दुहेरी आहे. तियात्र, म्हणजे कोकणी नाटक, बसवणाऱ्या दोघांना तो शोभतो, पण दुसऱ्या महायुद्धाच्या संदर्भात तोच शब्द नाझींना साथ देणाऱ्याचा. शेजारी कोणते शब्द आहेत ते बघून वाचायचा.

समुद्राला काय म्हणायचं?

ट्रेचरस हे विशेषण ट्रेटरसारखं दिसतं, पण कूळ वेगळं. त्याचं नातं ट्रिकशी, म्हणजे फसवण्याच्या युक्तीशी. म्हणून ते माणसाबाहेरही जातं. जूनमधला समुद्र ट्रेचरस: वरून सपाट, खालून ओढ. धुक्यातला चोर्ला घाट ट्रेचरस. शेवाळलेली विहिरीची पायरी ट्रेचरस. समुद्र डिसलॉयल होऊ शकत नाही, त्यानं तुम्हाला वचन कुठे दिलंय? पर्यटकांसाठी इंग्रजी सूचनाफलक करायचा असेल तर हा शब्द बिनधास्त वापरा, पण खाली लाल बावटा असताना उतरू नका असं साध्या भाषेतही लिहा. विशेषण वाचून कुणी पाण्याबाहेर येत नाही.

बिट्रे या क्रियापदालाही अशीच दुसरी बाजू आहे. विश्वासघात करणं हा अर्थ आहेच, पण नकळत उघड करणं हाही आहे. "हिज हँड्स बिट्रेड हिज एज", हातांवरून वय कळलं. इथे कुणी कुणाला फसवलेलं नाही.

पत्र लिहिताना

आता काजूवाल्यांकडे परत. मी त्यांना सांगितलं, नाम नको, क्रियापद वापरा. "तू अमुक आहेस" म्हटलं की तो अब्रूनुकसानी काढतो. पत्र त्याच्या एकट्याच्या हाती पडेतोवर ठीक, पण तुम्ही त्याची प्रत चार गिऱ्हाइकांना पाठवणार हे मला दिसत होतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ त्यासाठीच आहे. "तू अमुक तारखेला अमुक केलंस" म्हटलं, आणि ते खरं असून हाताशी कागद असेल, तर त्याला आधी त्या तारखेचं उत्तर द्यावं लागतं.

चारसोबीसही नको, असं बजावलं. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचं कलम ३१८ झालंय आणि विश्वासघाताच्या गुन्ह्याचं ३१६. कुठलं लागू पडतं ते वकील ठरवेल. तुम्ही पत्रात चीटिंग आणि क्रिमिनल ब्रीच ऑफ ट्रस्ट दोन्ही ठोकून दिलीत तर वकिलाचं पहिलं काम तुमचं पत्र निस्तरणं हेच होईल. शिवाय राग दाखवायला एकच जागा ठेवा, शेवटून दुसरं वाक्य. तिथे "यू बिट्रेड माय ट्रस्ट" चालेल. एकदाच. दोनदा लिहिलं की रडगाणं होतं.

तर पत्र असं झालं: आपण चौदा वर्षं भागीदार होतो. अमुक तारखेला तुम्ही गिऱ्हाइकांची यादी नेली. ती भागीदारीची होती. अमुक तारखेपासून तुम्ही त्यांतल्या नऊ जणांना माल दिला. तुम्ही माझा विश्वास मोडला. पंधरा दिवसांत यादी परत करा आणि हिशेबाला बसा.

त्यांनी दोनदा वाचलं. "एवढंच? शिवी कुठे आहे?"

"नऊ जणांत आहे," मी म्हटलं. "तुम्हाला आकडा कळला हे त्याला आत्ता कळणार."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग माझ्या टेबलावरचं बॉलपेन उचललं आणि सहीच्या खाली मराठीत लिहायला लागले: कुऱ्हाडीचा दांडा. मी कागद ओढून घेतला. "मूळ प्रतीवर नको. झेरॉक्स देते, तिच्यावर काय हवं ते लिहा आणि घरी ठेवा." झेरॉक्सचे दोन रुपये वेगळे लावले. त्यांनी तिथेच उभं राहून "गोतास काळ" पुरं केलं, खाली दोन रेघा मारल्या, घडी घालून वरच्या खिशात ठेवली आणि मग मूळ पत्रावर सही केली.